भूल उतरल्यानंतरचे दुखणे

शस्त्रक्रिया कितीही सफाईने झाली, तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत दुखणे आवरले गेले नाही तर रुग्णाची प्रकृती लवकर सुधारत नाही; कारण पोटाची जखम ठणकत असली की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही, आणि मग छातीत कफ साठणे, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे, आतडी मंदावणे हे सारे एकामागून एक मागे लागते. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९७ साली या प्रश्नाची सुसूत्र मांडणी केली. एकाच जालीम औषधावर विसंबू नये, निरनिराळ्या मार्गांनी वेदना अडवणारी औषधे बेताबेताने एकत्र द्यावीत, रुग्णाला लवकर खाऊ घालावे आणि लवकर चालते करावे, हे तिचे सार. ही पद्धत शहरातील महागड्या इस्पितळांची मानली जाते. वास्तविक तिची निकड जव्हार-मोखाड्यात अधिक आहे आणि तिचा बराचसा भाग तेथे परवडणाराही आहे.

या डोंगराळ तालुक्यांतील सरकारी उपचारांचा भार मुख्यतः जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्यावर असतो, आणि गुंतागुंतीच्या रुग्णाला नाशिकची वाट धरावी लागते. ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ दुर्मीळ असल्यामुळे एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीपुरती भूल शिकवण्याचा १८ आठवड्यांचा अभ्यासक्रम शासनाने आखला होता. अशा ठिकाणी सिझेरियनसाठी पाठीतली भूल हाच मुख्य आधार ठरतो. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुई मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत नेऊन तेथे ब्युपिव्हाकेन हे बधिरक सोडले, की रुग्ण जागा राहतो, स्वतः श्वास घेतो आणि सुमारे दोन ते तीन तास कमरेखालचा भाग बधिर राहतो. ‘त्या सुईने जन्माची कंबर धरते’ ही बायकांमधील समजूत मात्र खरी नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखते, क्वचित डोकेदुखी होते, परंतु बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीची कारणे बहुधा निराळी असतात.

खरी अडचण ही भूल उतरू लागल्यावर येते. त्या वेळी रुग्ण कण्हू लागेपर्यंत थांबण्यापेक्षा टाके घालतानाच जखमेच्या कडांत ब्युपिव्हाकेन टोचणे आणि पॅरासिटामॉल ठरावीक वेळाने देत राहणे अधिक गुणकारी असते. मात्रा वजनावर बेतावी लागते, कारण पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने ४० किलोच्या स्त्रीला एका वेळी ६०० मिलिग्रॅमच पुरते, आणि सरसकट एक ग्रॅम देण्याची सवय तिच्या यकृतावर भार टाकू शकते. शिवाय येथील रुग्ण सहसा कुरकुरत नाही, विचारले तर ‘बरं आहे’ म्हणतो. त्यामुळे ‘दुखतं का?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नसतो, आणि त्याला खोकायला किंवा उठून बसायला सांगून चेहरा न्याहाळणे हीच खरी तपासणी ठरते.

महाराष्ट्रातील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. शरीर गारठले, पाणी कमी पडले किंवा प्राणवायू घटला, की अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबून असह्य कळा सुरू होतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्त तपासणे, शस्त्रक्रियागृहात अंग झाकून उबदार ठेवणे आणि रुग्णाला विनाकारण तहानलेले न ठेवणे हा वेदनाशमनाचाच भाग होय. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देण्याची रूढी बऱ्याच ठिकाणी टिकून आहे. परंतु नियोजित शस्त्रक्रियेत, पोट रिकामे व्हायला अडथळा नसेल तर, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते.

घरी गेल्यावरचा काळही या हिशेबात धरला पाहिजे. भात आणि नागली घरात आली, दिवाळी झाली, की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात, आणि हर्नियाचे टाके ओले असतानाच पाटी उचलली गेली तर ती दुरुस्ती उसवण्याचा धोका राहतो. अशा रुग्णाच्या कागदावर भुलेचा प्रकार, सिकलसेलचा निकाल, गोळ्यांच्या वेळा आणि ओझे न उचलण्याची मुदत ठळक मराठीत लिहून दिली, तर पुढचा डॉक्टर भट्टीजवळच्या एखाद्या दवाखान्यातला असला तरी त्याला उपचार कोठून पुढे न्यायचे ते कळते.