अडकलेले यंत्र कुणाची वाट पाहते?

संगणक मधेच थांबला की आपण ‘अडकला’ म्हणतो आणि बटण दाबून तो बंद करतो. पुष्कळदा तो अडकलेला नसतो. कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत असतो. एका नेटवर्कवरून दुसऱ्या नेटवर्कवर गेल्यानंतर होणारा खोळंबा बहुधा याच जातीचा असतो.

कोल्हापुरात शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचा लॅपटॉप दिवसा महाविद्यालयाच्या नेटवर्कवर आणि रात्री गावी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो. प्रत्येक ठिकाणच्या मांडणीला प्रोफाइल म्हणतात. तिच्यात मुख्यतः चार नोंदी असतात: यंत्राचा आयपी पत्ता, बाहेर जाण्याचा दरवाजा म्हणजे राउटर, नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर आणि काही ठिकाणी मध्यस्थ, म्हणजे प्रॉक्सी. प्रोफाइल बदलल्यावर पहिल्या दोन नोंदी सहसा बदलतात. पण डीएनएस किंवा प्रॉक्सी कुणी हाताने दुसरीकडे लिहून ठेवली असेल, तर ती नोंद जुनीच राहते. शिवाय आधीपासून चालू असलेल्या सेवा जुन्याच जोडणीला धरून बसतात.

रंकाळा बसस्थानकावर उभे राहून मध्यवर्ती स्थानकावरून सुटणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशासारखीच ही गत आहे. प्रवासी धडधाकट, गाडीही वेळेवर. चुकली आहे ती जागा.

आता तपास कसा करावा? माझ्या मते पहिले हत्यार घड्याळ. यंत्र किती वेळ थांबते, यावरून ते कुणासाठी थांबले आहे याचा अंदाज येतो. लिनक्सची नेहमीची मांडणी असेल, तर नाव शोधताना एका डीएनएस सर्व्हरपाशी ५ सेकंद थांबून पुन्हा एकदा विचारले जाते. म्हणून प्रत्येक नव्या नावापाशी सुमारे १० सेकंदांची अडी बसली, तर डीएनएसवर संशय घ्यावा. मिनिट-दोन मिनिटे गेली, तर पोचता न येणाऱ्या प्रॉक्सीशी नवी जोडणी करण्याची खटपट चालू असावी. यंत्र बंद करताना बरोबर ९० सेकंद लागले, तर एखादी सेवा थांबायला तयार नाही आणि सिस्टिमडी तिची मुदत मोजत आहे. पाव तासाने एकदम चूक दाखवली, तर पाठवलेल्या मजकुराची पोच जुन्या जोडणीवरून मागितली जात होती. आणि फाइलींची खिडकी कितीही वेळ हललीच नाही, तर महाविद्यालयातील सर्व्हरचे फोल्डर जोडलेले राहिले असावे. एनएफएस पद्धतीची पक्की जोडणी सर्व्हर भेटेपर्यंत थांबतच राहते. मी या वेळा वहीत टिपून ठेवते.

अंदाज झाला की क्रमाने पडताळा घ्यावा. यंत्राला नवा आयपी पत्ता मिळाला आहे का, हे आधी पाहावे. मग राउटरला पिंग करावे. त्यानंतर बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, आणि शेवटी नावाने एखाद्या संकेतस्थळाला. आकड्याने उत्तर आले आणि नावाने नाही आले, तर दोष डीएनएसचा. दोन्ही चालून ब्राउझर तेवढा थांबला, तर प्रॉक्सी तपासावी. मात्र काही नेटवर्कांवर पिंगला मुद्दाम बंदी असते, हे विसरू नये. काय घडले याची नोंद यंत्राच्या जर्नलमध्ये वेळेसह मिळते.

उपाय साधे आहेत. डीएनएस आणि प्रॉक्सी त्या त्या प्रोफाइलमध्येच लिहावी, सर्वांसाठी एकच नोंद ठेवू नये. महाविद्यालय सोडण्यापूर्वी सर्व्हरचे फोल्डर सोडवावे. आणि खोळंबलेली सेवा तेवढी पुन्हा सुरू करावी. सारे यंत्र बंद करण्याची गरज सहसा पडत नाही.

हे लिहिण्याचे कारण केवळ तांत्रिक नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, प्रवेशाचे शुल्क हे सारे आता पडद्यावरच भरायचे असते. ज्यांच्या घरात संगणक हाताळणारी पहिली पिढी आपलीच, त्यांना रात्री विचारायला कुणी नसते. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले की ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असे मन घेते आणि अर्जाची मुदत टळते. अशा वेळी स्वतःला दोष देण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे आणि यंत्राने कुणाला काय विचारले आहे, ते शोधावे. एवढे शोधायला पदवी लागत नाही.