चाकाचा तुटलेला स्टड

चातुर्मास संपून साधू-साध्वींचे विहार सुरू झाले, की पनवेलच्या अनेक श्रावकांची पहाट रस्त्यावरच उजाडते. पुण्याकडून घाट उतरून येणारे संघ द्रुतगती मार्गाने येत नाहीत. तेथे पादचाऱ्यांना मज्जाव आहे. ते जुन्या महामार्गाच्या कडेने, अनवाणी, खोपोली-चौक करीत येतात आणि त्यांच्यामागे दिवे लुकलुकवीत एक गाडी संथपणे चालते. मागील खेपेस ती गाडी आमची होती. निघण्याच्या तीन दिवस आधी पंक्चर झालेले पुढचे चाक काढताना एक नट स्टडच्या तुकड्यासह हातात आला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळवंडलेला होता, उरलेला चकचकीत. भेग जुनीच होती. त्या दिवशी केवळ शेवटचा धागा तुटला.

स्टड म्हणजे हबच्या पाठीमागून ठोकून बसवलेला, बाहेर आटे असलेला पोलादी दांडा. गाडीचा भार हे दांडे खुंटीसारखे पेलतात, असा आपला समज असतो. वस्तुतः नट आवळला, की स्टड किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो; त्या दाबाने होणारे घर्षणच चाक जागेवर ठेवते. नट सैल असेल तर प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो आणि थकून तुटतो. प्रमाणाबाहेर आवळला तर ताणून कायमचा लांबतो व दाब हरवतो. चारांपैकी एक गेला, की त्याचे ओझे उरलेल्या तिघांवर पडते.

आमच्या स्टडचा अपराधी शोधण्यास लांब जावे लागले नाही. दुकानात हवेच्या गनने नट खडखडवून आवळले जातात आणि आपण समाधानाने मान डोलावतो. वाटेत मीही पान्यावर पाय देऊन उभा राहिलेलो आहे. पुस्तिकेत आमच्या गाडीसाठी ८५ न्यूटन-मीटर हा आकडा आहे. म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३५ किलोचा जोर. ७० किलोचा मनुष्य त्यावर उभा राहिला, की तो थेट दुप्पट होतो! आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला अग्रस्थान दिले आहे. निखळलेले चाक रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांच्या दिशेने गेले असते, तर ‘माझा हेतू नव्हता’ एवढ्याने माझी सुटका झाली नसती.

नवा स्टड आणताना जुना नमुना सोबत न्यावा. मारुतीच्या बहुतेक लहान गाड्यांचे आटे १.२५ मिलिमीटर अंतराचे, तर ह्युंदाईचे १.५ मिलिमीटरचे असतात. जाडी दोहोंची १२ मिलिमीटरच. चुकीचा नट एक-दोन फेरे गोडीने जातो आणि मग आटे खातो. फोक्सवॅगन, स्कोडा यांच्या चाकांना स्टड नसतातच, बोल्ट असतात.

काम सपाट जागी करावे. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावले, नट जमिनीवरच थोडे सैल केले, मग जॅक चढवला आणि गाडी घोडीवर टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर हात आत घालू नये; विटा तर मुळीच नकोत. चाकाच्या कमानीत कोळ्याने घर केले होते. त्याला मऊ कुंच्याने हलकेच भिंतीपाशी पोहोचवले. मग कॅलिपर त्याच्या बैठकीसह सोडवून तारेने टांगला, नळीवर त्याचा भार पडता कामा नये. ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. डिस्क काढल्यावर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून हब फिरवला आणि मागे मोकळी जागा मिळताच जुना स्टड दाबयंत्राने मागे ढकलला. हातोड्याचे घाव बेअरिंगला सोसत नाहीत. काही गाड्यांत मागे जागाच नसते, हब उतरवावा लागतो. तेव्हा हे काम गॅरेजकडे सोपवावे, त्यात कमीपणा नाही.

नवा स्टड मागून घालून त्याच्या खाचा जुन्या खाचांशी जुळवल्या. पुढून ग्रीस लावलेले चार-पाच वॉशर व एक सपाट नट चढवला. इतर स्टडांवर नट लावून त्यांच्यामध्ये पहार अडकवली, म्हणजे हब फिरत नाही. मग नट सावकाश आवळत स्टड आत ओढला. त्याचे डोके मागे सर्व बाजूंनी टेकले आहे, हे आरसा धरून पाहिले. येथे घाई केली तर उरलेली फट पुढे रस्त्यावर सैलपणा होऊन प्रकटते.

डिस्क, कॅलिपर, चाक पूर्ववत बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी टॉर्क पान्याने ८५ वर आवळले. आट्यांना तेल लावले नाही. तेलाने त्याच आकड्याला स्टड अधिक ताणला जातो. दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन आलो आणि गार झालेल्या चाकाला पुन्हा पाना लावला. तीन नट जागचे हलले नाहीत. नव्या स्टडवरचा मात्र ‘टक्’ आवाज येण्याआधी बोटभर फिरला.