४.३ समाजमाध्यमे, देहप्रतिमा आणि मनःस्थिती

आपल्या शरीराविषयी मनात असलेले चित्र आणि त्यासोबत येणाऱ्या भावना यांना ‘देहप्रतिमा’ असे म्हणतात. ती केवळ आरशात पाहून घडत नाही. इतरांकडे पाहूनही घडते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धान्त मांडला. वस्तुनिष्ठ मापदंड उपलब्ध नसेल, तर माणूस स्वतःला इतरांशी, विशेषतः आपल्यासारख्यांशी ताडून पाहतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. दिसण्याला तर असा मापदंडच नाही.

समाजमाध्यमांचे वेगळेपण येथेच आहे. चित्रपटातील नायिका दूरची वाटते. इन्स्टाग्रामवरील वर्गमित्र किंवा आतेबहीण आपल्यातलीच असते. तिने अनेकांतून निवडलेले, फिल्टरने उजळलेले छायाचित्र आपण आपल्या रोजच्या चेहऱ्याशेजारी ठेवतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, १० मिनिटे फेसबुक पाहिलेल्या स्त्रियांची मनःस्थिती, दिसण्याशी संबंध नसलेले संकेतस्थळ पाहिलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक खालावलेली आढळली.

‘छायाचित्र खरे नाही, हे ठाऊक असले म्हणजे झाले,’ असे तुम्हांला वाटेल. परंतु ‘या छायाचित्रात बदल केला आहे’ अशी सूचना जोडूनही पाहणाऱ्यांचे असमाधान फारसे घटत नाही, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कळणे आणि वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून केवळ समज पुरत नाही. आपण काय पाहतो, तेही बदलावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : कोणती खाती पाहिल्यावर तुमचे मन खट्टू होते? आठवडाभर ती न पाहता मनःस्थितीची नोंद ठेवा.