फायलींतले तोतये

पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव आणि रूप धारण करून जो तोतया पुढे कोकणात उभा राहिला, त्याला कित्येकांनी आपण होऊन मुजरा केला, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड होईपर्यंत पेशवाईच्या कारभाऱ्यांची झोप उडाली होती, ती त्याच्या शस्त्रबळापेक्षा त्याने घेतलेल्या नावावर लोकांचा जो इतबार होता त्यामुळे. घरच्या संगणकात शिरणाऱ्या उपद्रवी आज्ञावलींचा एक फार मोठा वर्ग याच रीतीने येतो. दार फोडण्याची त्याला गरज पडत नाही, कारण घरातलाच कोणीतरी ते विश्वासाने उघडतो.

४ मे २००० रोजी फिलिपीन्समधल्या मनिला शहरातून निघालेले एक पत्र एका दिवसाच्या आत जगभर पसरले. विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’ एवढेच शब्द, आणि सोबत जोडलेल्या फायलीचे नाव ‘लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस’. यांतील शेवटच्या टिंबानंतरची ‘व्हीबीएस’ ही अक्षरेच काय ती खरी. ती फाईल वाचावयाचा मजकूर नसून संगणकाने पाळावयाच्या हुकमांची यादी होती. परंतु परिचित प्रकारच्या फायलींचा हा अंत्य प्रत्यय पडद्यावर दाखवू नये, असा विंडोज प्रणालीचा शिरस्ता असल्यामुळे वाचणाऱ्याला नाव दिसे ते ‘टीएक्सटी’पर्यंतच, म्हणजे साध्या पत्राचे. जोडलेली फाईल उघडताच ती आज्ञावली त्या मनुष्याच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला त्याच्याच नावाने तेच पत्र रवाना करी, त्यामुळे ते ज्याच्या हाती पडे त्याला ते ओळखीच्या माणसाकडूनच आलेले असे. ब्रिटनच्या पार्लमेंटलाही आपली ई-टपालाची व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली.

याहूनही मनाला लागते ते त्या आज्ञावलीने घराघरांतील छायाचित्रांचे जे केले ते. चित्राच्या फायलीतील मूळ मजकूर पुसून तेथे ती स्वतःची प्रत लिही आणि जुन्या नावापुढे ‘व्हीबीएस’ जोडी. तो प्रत्यय झाकलेलाच राही, म्हणून मुलाच्या बारशाचे चित्र पाहावे या हेतूने कोणी त्या नावावर टिचकी मारली, तर चित्र तर गेलेलेच असे, शिवाय तीच आज्ञावली नव्याने चालू होई.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. चित्र किंवा साधा मजकूर ही संगणकाने वाचून दाखवावयाची सामग्री आहे. आज्ञावली मात्र चालू होताच, जो मनुष्य संगणकासमोर बसला आहे त्याची सारी मुखत्यारी आपल्याकडे घेते, आणि त्याला जे पुसता, बदलता, पाठविता येते ते सर्व तिलाही येते. फाईल कोणत्या जातीची हे नावाशेजारच्या चित्रचिन्हावरून ठरविणे व्यर्थ, कारण आज्ञावलीचे चिन्ह तिचा कर्ताच निवडतो. खरी ओळख आत असते; विंडोजवर चालणाऱ्या ‘ईएक्सई’ आज्ञावलीची पहिली दोन अक्षरे ‘एमझेड’ अशी असतात, मग बाहेर तिचे नाव लग्नपत्रिका असो वा वीजबिल. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

म्हणून पहिली तजवीज ही, की फाइल एक्सप्लोररमधील ‘व्ह्यू’ या सदरात जाऊन फायलींचे प्रत्यय दिसण्याची मुभा द्यावी. तेवढ्यानेही भागत नाही. अरबी आणि हिब्रू यांसारख्या उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिप्यांसाठी युनिकोडमध्ये जी अदृश्य चिन्हे आहेत, त्यांपैकी एक नावात घातले की पुढची अक्षरे पडद्यावर उलटी उमटतात, आणि मूळ ‘जीपीजे.ईएक्सई’ हा शेवट ‘ईएक्सई.जेपीजी’ असा चित्रासारखा दिसू लागतो. या लबाडीवर उतारा म्हणजे ‘टाइप’ हा रकाना पाहणे. नाव काहीही दिसो, तेथे ‘ॲप्लिकेशन’ असे लिहिलेले असते. गुप्त शब्दाने बंद केलेली ‘झिप’ पेटी आली आणि तो शब्दही त्याच पत्रात दिला असला, तर विशेष शंका घ्यावी, कारण कुलूपबंद पेटीच्या आत विषाणुरोधक आज्ञावलीची दृष्टी पोहोचत नाही. ओळखीच्या नावाने अनपेक्षित फाईल आल्यास त्या माणसाला फोन करून रुजवात घेण्यात संकोच कसला? केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’तर्फे संगणक साफ करण्याची साधने विनामूल्य मिळतात, त्यांचाही उपयोग करावा. नित्याच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते ठेवावे, म्हणजे चुकून तोतया आत आलाच, तर संबंध प्रणालीवर त्याचा अंमल सहजी बसत नाही.

मात्र अशा खात्यातही आपली छायाचित्रे आपल्याच हाताखाली, आणि म्हणून त्याच्याही हाताखाली राहतात. त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी, आणि काम होताच ती डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. मनिलाहून निघालेली ती आज्ञावली संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क धुंडाळीत असे.