घरचा शब्द आणि पुस्तकातील शब्द

धडा घडाघडा वाचणारे, पण वाचलेल्या वाक्याचा अर्थ विचारताच गप्प होणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या पाहण्यातील असते. त्यास अक्षरओळख झालेली असते. उणीव असते ती शब्दसंपत्तीची.

वास्तविक मूल शाळेत येते ते शेकडो शब्द बरोबर घेऊनच. मात्र ते शब्द घरच्या बोलीतील असतात. सिंधुदुर्गातील मूल ओढ्यास ‘व्हाळ’ व मुलास ‘झील’ म्हणते. खानदेशात मुलासाठी ‘आंडोर’ हा शब्द आहे. असा शब्द उच्चारताच ‘हे अशुद्ध आहे’ म्हणून मुलास हटकले, तर पुढच्या वेळी ते ‘ओढा’ म्हणत नाही. तोंडच उघडत नाही. म्हणून शिक्षकाने फळ्यावर प्रथम ‘व्हाळ’ लिहावा, शेजारी ‘ओढा’ लिहावा आणि दोन्ही शब्दांची वाक्ये मुलांकडून करवून घ्यावीत. ओळखीच्या शब्दाचे बोट धरून नवा शब्द सहज येतो.

शेतकऱ्याच्या मुलास पेरणी, लावणी, कापणी, मळणी हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पेरणे यावरून पेरणी, कापणे यावरून कापणी, एवढे त्याच्या ध्यानी आणून दिले की मोजणी, मांडणी, आखणी, जुळणी या पुस्तकी शब्दांचा अर्थ ते स्वतःच लावू लागते. त्याचप्रमाणे ‘पाणी’ या एका शब्दापासून पाणवठा, पाणथळ, पाणपोई, पाणलोट असे शब्दांचे कुटुंब उभे करता येते.

शब्द वस्तूच्या व कृतीच्या सान्निध्यात शिकविला म्हणजे टिकतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. शिक्षणच मुलांच्या कामाच्या जागी नेले. प्रत्येक शाळेस एवढे शक्य नसले, तरी आठवड्यातून एकदा वर्ग ओढ्याकाठी, खळ्यावर किंवा बाजारात नेणे कठीण नाही. परत आल्यावर पाहिलेल्या वस्तूंविषयी मुलांनी बोलावे व मग लिहावे.

शब्दार्थांच्या याद्या पाठ करविल्याने हे कार्य साधत नाही. एका धड्यातील चार-पाच शब्दच निवडावेत. गोष्टीत, प्रश्नात व संभाषणात ते पुढे अनेक दिवस पुनःपुन्हा योजावेत. शिक्षकाने न सांगता मुलाने तो शब्द स्वतःच्या वाक्यात वापरला, म्हणजे तो त्याचा झाला असे समजावे.