रेडिएटरला बोअरचं पाणी नकोच! गाडीचं कूलंट घरच्या घरी बदलताना या चुका टाळा

मोडनिंब : पुणे-सोलापूर महामार्गावर एप्रिल-मेच्या दुपारी बोनेट वर करून उभी असलेली गाडी दिसली, की पहिला संशय येतो तो इंजिन गरम झाल्याचाच. बाहेर ४० अंशांच्या पुढं ऊन, गाडीत सहा-सात माणसं, एसी चालू. अशा वेळी जवळच्या हॉटेलातून बाटलीभर पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतलं जातं आणि गाडी पुढं निघते. अडचणीत तेवढं चालून जातं. पण तेच पाणी पुढं वर्षभर इंजिनात फिरत राहिलं, तर खर्च हेड गॅसकेटपर्यंत जातो.

आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, मग कूलंट कशाला, असं म्हणणारे गावोगावी भेटतात. बर्फाचं सोडा. कूलंट म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि त्यात गंज रोखणारी औषधं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाचा दाब धरला तर १२० च्याही पुढं तग धरतं. आपल्या उन्हाळ्यात हाच फरक कामाला येतो. दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून धरतो. मग पाणी भरलेलं असूनही गाडी गरम होते. ट्रॅक्टरलाही हे सगळं तसंच लागू आहे, फक्त तिकडं कोणी बघत नाही.

म्हणून पाणी घ्यायचं ते डिस्टिल्डच. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. घेताना लेबल वाचावं, त्याच दुकानात शेजारी बॅटरीचं ॲसिडही असतं. गावच्या आरओ प्लांटचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण त्यात थोडे क्षार राहतातच.

कूलंट कोणतं घ्यायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. हिरवं, निळं, गुलाबी अशा रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या जातीची असू शकतात आणि एकमेकांत मिसळली तर गाळ धरण्याची भीती असते. किती किलोमीटरला बदलायचं तेही पुस्तकातच पाहावं.

काम सकाळी काढावं, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. गरम इंजिनचं झाकण उघडणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण फिरवून दाब सुटला की ते क्षणात उकळून तोंडावर, छातीवर उडतं. घाई असली तरी वरचा रबरी पाईप हाताला गार लागल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. किल्ली काढून खिशात ठेवावी, कारण काही गाड्यांचा पंखा आपोआप सुरू होतो.

गाडी सपाट जागेवर लावून हँडब्रेक ओढा, चाकांना दगडाची उटी लावा. खाली रुंद टब ठेवा. झाकण फडक्यानं धरून सावकाश उघडा. रेडिएटरच्या तळाला बोल्ट किंवा प्लास्टिकची चावी असते, ती हलक्या हातानं सैल करा. प्लास्टिक जुनं झालं की मोडतं, जोर लावायचा नाही. चावी नसेल तर खालच्या पाईपची क्लिप पक्कडीनं सरकवून पाईप काढतात. जे निघेल ते मोजून ठेवा, हे माप पुढं लागतं.

गंजकट पाणी निघालं तर चावी बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा. वरचा पाईप तापला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, पाणी सगळीकडं फिरलं. बंद करून पूर्ण गार होऊ द्या, मग परत काढा. स्वच्छ पाणी निघेपर्यंत हेच करायचं.

आता खरा हिशोब. समजा गाडीत एकूण ५ लिटर बसतं आणि रेडिएटरमधून ३ लिटरच निघालं. म्हणजे २ लिटर साधं पाणी इंजिनात राहिलं. अशात तयार मिश्रणाचं ३ लिटर ओतलं, तर त्यात कूलंट दीडच लिटर. सगळं मिळून प्रमाण ५० ऐवजी ३० टक्क्यांवर येतं. त्यापेक्षा घट्ट कूलंट आणून आधी अडीच लिटर ते ओतावं, मग अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. निव्वळ घट्ट कूलंट भरलं की इंजिन जास्त गार राहतं, हा मात्र गैरसमज. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

ओतताना धार बारीक ठेवा. हवा अडकली तर सगळं नीट करूनही काटा वर जातो. झाकण उघडं ठेवून, हीटर चालू करून इंजिन हळू चालवा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तेवढी भर घालत राहा. पातळी स्थिर झाली की झाकण घट्ट लावा, बाजूच्या बाटलीत कमाल-किमान खुणांच्या मध्ये भरा. काही नव्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, हवा काढायची पद्धतही वेगळी असते. पुस्तक पाहून जमत नसेल तर ते काम मेस्त्रीचं. पहिली चक्कर गावातच मारा, लगेच सोलापूरला निघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा.

कूलंट वारंवार कमी होत असेल, डिपस्टिकवरचं ऑईल दुधाळ चहासारखं दिसत असेल किंवा गरम गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर नवं कूलंट भरून उपयोग नाही. आधी गॅरेज गाठावं.

राहिला टबातला जुना माल. तो गोड लागतो आणि विषारी असतो. कुत्रं, वासरू चाटतं, लहान पोरंही रंगाला भुलतात. आधी झिंगल्यासारखं होतं, उलट्या होतात, नंतर किडन्या निकामी होतात. पोटात गेल्याची शंका आली तरी वाट न बघता कॅनसकट दवाखान्यात न्यावं, जनावर असेल तर पशुवैद्याकडं. विहिरीजवळ, ओढ्यात, उकिरड्यावर ओतायचं नाही. पाण्याच्या बाटलीत तर भरूच नये. जुन्या ऑईलच्या कॅनमध्ये ओतून झाकण लावा, वर ठळक 'विष' लिहा आणि जुनं कूलंट घेणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. फरशीवर सांडलेलं भरपूर मातीनं टिपून ती माती उचलून टाका, तोवर दावणीची जनावरं लांब बांधा.