गड्याचा पगार, उचल आणि नवी वेतन संहिता



ऊस तुटून गेला की वजनाची पावती आपण जपून ठेवतो. टनेज किती भरले, कपात किती झाली, हे विचारायला गट ऑफिसात चार खेपा घालतो. पण तो ऊस ज्यांनी लावला, खुरपला, रात्री-अपरात्री उठून पाणी दिले, त्यांना आपण किती पैसे दिले याचा कागद किती घरांत निघेल? बहुतेक ठिकाणी हा हिशेब तोंडी, नाहीतर कॅलेंडरवरच्या खुणांत असतो. आजवर हे चालून गेले. आता मात्र कायदा बदलला आहे, आणि तो प्रत्येक सभासदाने समजून घेतला पाहिजे.

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. जुने २९ कायदे त्यांत एकत्र झाले. यांतली आपल्या बांधापर्यंत थेट येते ती वेतन संहिता, २०१९. शेतमजुराला किमान वेतन ही काही नवी गोष्ट नाही. १९४८ च्या कायद्याच्या परिशिष्टात शेती होतीच. पण पगार किती दिवसांत द्यायचा आणि त्यातून किती कापायचे, याचे १९३६ च्या कायद्यातले नियम मुख्यतः कारखाने, रेल्वे अशा ठिकाणी लागू होते. आता तो भेद राहिला नाही.

कोणी म्हणेल, "आमची दोन एकराची शेती, आम्ही कसले मालक?" तर संहितेत मालकाची व्याख्या सरळ आहे. स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत एक जरी माणूस मजुरीने कामाला लावला, तरी तो मालक.

पगाराची मुदत. पगार रोज, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला द्यायचा. महिन्यापेक्षा लांबची मुदत ठरवता येत नाही. रोजंदारीचे पैसे काम सुटताना, आठवड्याचे सुट्टीच्या आदल्या कामाच्या दिवशी, आणि महिन्याचे पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत. माणूस काम सोडून गेला किंवा आपण काढला, तर त्याची बाकी कामाच्या दोन दिवसांत चुकती करायची. म्हणजे पाडव्याला साल ठरवायचे आणि पुढच्या पाडव्याला एकदम हिशेब करायचा, ही आपली जुनी रीत आता बसत नाही. साल ठरवायला हरकत नाही. हिशेब मात्र दरमहा झाला पाहिजे.

उचल. उचल देण्यावर बंदी नाही. पण एका मुदतीच्या पगारातून सगळी मिळून कपात निम्म्याच्या वर करता येत नाही. समजा, सालगड्याचा महिना १२,००० रुपये ठरला आणि त्याने ६०,००० रुपये उचलले. तर महिन्याला जास्तीत जास्त ६,००० कापता येतील, म्हणजे उचल फिटायला दहा महिने लागतील. बाकीचे ६,००० त्याच्या हातात पडलेच पाहिजेत. उचल देतानाच हा हिशेब मांडावा. पेलेल तेवढीच द्यावी.

आणि उचल फिटली नाही म्हणून माणसाला अडवून ठेवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, त्याच्या बायको-पोरांना राबवून घेणे, ही वेठबिगारी होते. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा त्या २९ कायद्यांत नव्हता, तो आजही जसाच्या तसा लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वेठबिगारीपोटी दिलेले कर्जच रद्द होते. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर खटला.

पुरावा. ही सर्वांत महत्त्वाची बाब. मजुराने "मला पैसे मिळाले नाहीत" असा दावा केला, तर पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता मालकावर आहे. किमान वेतनाचा दावा करायची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती तीन वर्षे झाली आहे. शेतीवर पाचपर्यंत माणसे लावणाऱ्याला रीतसर रजिस्टरे ठेवण्यातून सूट आहे. पण ही सूट अर्धीच आहे. निरीक्षकाने मागितल्यावर पैसे दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावाच लागतो. ज्याने खरोखर पैसे दिले पण कागद ठेवला नाही, तो खरा असूनही अडचणीत येईल.

म्हणून एक साधी वही घालावी. तारीख, नाव, काम, दिवस, दर, उचल, कपात, हातात दिलेली रक्कम आणि सही किंवा अंगठा, एवढे रकाने पुरेत. शक्य तिथे पैसे बँकेत किंवा मोबाईलवरून द्यावेत. त्याची नोंद आपोआप राहते. गड्यालाही त्याच्याजवळ ठेवायला एक छोटी वही द्यावी. दोन्हीकडे लिहिलेले असले की भांडणाचे मूळच तुटते.

बायामाणसांची मजुरी. एकाच कामाला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी, हे १९७६ पासून बेकायदेशीर आहे आणि नव्या संहितेतही आहे. कामे वेगळी असतील तर दर वेगळे असू शकतात. पण सरीवर लागण करणारे दोघे असतील तर दर एकच.

मुले. चौदा वर्षांखालील मूल मजुरीला लावता येत नाही. हा १९८६ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला आणि तोही वेगळाच लागू आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कमी पगार दिला तर वेतन संहितेत ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा तोच गुन्हा झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मजूर कमी पैशांत राजी होता" हा बचाव चालत नाही.

हे झाले शेतावरचे. कारखान्याचे भागधारक म्हणूनही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या व्याख्येप्रमाणे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. ग्रॅच्युइटी त्या वेतनावर काढली जाते. वार्षिक सभेत ताळेबंद वाचताना हा खर्च का वाढला, हे त्यावरून समजेल.

किमान वेतनाचे दर राज्य सरकार ठरवते आणि ते बदलत राहतात. चालू दर तालुक्याच्या ठिकाणी किंवा कामगार खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवावा. चांगला गडी मिळत नाही ही आज सगळ्यांचीच तक्रार आहे. ज्याचा हिशेब वेळेवर आणि चोख, त्याच्याकडे माणूस टिकतो, हे कायदा नसतानाही खरे होते.